मंजुरी येईपर्यंत

ऑफिसात तिच्या पाठीमागे तिला 'लालपेन' म्हणत. फवारणीच्या पोरांनी ठेवलेलं नाव. ते आपल्या कानावर आलेलंच नाही असं ती दाखवत असे, आणि मनातल्या मनात थोडी सुखावतही असे. पोरं टरकून आहेत म्हणजे काम नीट चाललंय, अशी तिची समजूत होती.

कामच तसं होतं. घराघरांच्या भिंतींवर डासांचं औषध फवारायचा तो प्रकल्प एका परदेशी मदतसंस्थेच्या जिवावर चालायचा. संस्थेची अट होती की मलेरियापासून माणसं जरूर वाचवा, पण तसं करताना माती, पाणी, मासळी, मधमाश्या यांच्या मुळावर येऊ नका. फवारणीचे सगळे बरेवाईट परिणाम आधीच तपासून एक जाडजूड अहवाल मंजूर करून घेतला होता. त्यात लिहिलंय तसंच प्रत्यक्षात घडतंय ना, हे बघायला तिला नेमलेलं.

हंगामाच्या तोंडावर ती एकेका तळावर, म्हणजे फवारणीची पोरं जिथून निघतात त्या जागी, जाई. औषधाची खोली बघे, हातमोजे उलटेपालटे करून भोकं शोधे, आणि सगळ्यांत जास्त वेळ काढी धुण्याच्या ओट्यापाशी. खरी गोम तिथे असते. दिवसभर फवारून आलेली पोरं तिथे पंप धुतात. त्या पाण्यात औषध उतरतं, आणि ते पाणी खडी, कोळसा आणि लाकडाचा भुसा भरलेल्या शोषखड्ड्यात जिरवायचं असतं. खड्डा भलत्या जागी असला तर पाणी जिरत नाही, वाट काढतं. एका तळाखालच्या ओढ्यात तिने पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे पाहिले होते. आणि तिथून हाकेच्या अंतरावर एक बाई त्याच पाण्यात लेकराला आंघोळ घालत होती. हे पाहिलं तेव्हा ती स्वतः पोटुशी होती. घरी येऊन किती तरी वेळ ती पोटावर हात ठेवून बसून राहिली होती.

मग छकुली झाली, आणि सगळं जग म्हणजे एक न तपासलेला तळ झाला. बाटलीतलं दूध एका मनगटावर टाकून बघायचं, मग खात्रीसाठी दुसऱ्या मनगटावर. छकुली झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरायचं.

"अगं, झोपलीय ती," नवरा म्हणायचा. "उठवून विचारतेस का, बाळ, झोपलीस ना गं नक्की?"

नवरा शाळेत शिकवायचा. दोघं कामावर गेल्यावर छकुलीला मावशी सांभाळत. मावशी म्हणजे नात्याच्या कुणी नव्हेत, पण नात्यापेक्षा जवळच्या. बोलायला मोजक्या आणि हाताला हलक्या. छकुलीला आंघोळ घालताना बादलीचासुद्धा आवाज होऊ द्यायच्या नाहीत.

"ताई, इतकं टक लावून बघू नये लेकराकडे," त्या म्हणायच्या. "लाजतं ते, आणि वाढायचं थांबतं."

"असं काही नसतं, मावशी."

"नसतं तर नसतं. तुम्ही कामावर जा, मी बघते टक लावून."

मावशी ओढ्याकाठच्या वस्तीत राहायच्या. लेक आणि जावई कामासाठी दूर गेलेले, नात यांच्यापाशी. शाळेत जायच्या वयाला अजून थोडा अवकाश होता, पण तोंड म्हणजे अखंड सुरू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. एकदा शेजारीण गावाला गेली म्हणून मावशी तिला बरोबर घेऊन आल्या होत्या. छकुलीच्या बोळक्या तोंडात डोकावून टकळीने विचारलं होतं, "हिचे दात तुम्ही कपाटात ठेवलेत का?" आणि उत्तराची वाट न बघता कपाटाशी जाऊन उभी राहिली होती. छकुली त्या दिवशी हसली तशी पुन्हा कित्येक दिवस हसली नाही.

त्या वर्षी ओढ्याकाठच्या वस्तीचा नंबर पहिल्या फेरीतच लागला होता. ताप तिथेच सगळ्यांत जास्त. पावसाळा तोंडावर होता आणि त्याआधी भिंती फवारून व्हायला हव्या होत्या, कारण पाऊस लागला की डास घरात येतात आणि फवारलेल्या भिंतीवर बसले तरच मरतात. ती तपासणीला गेली तेव्हा पोरं नव्या निळ्या डगल्यांत तयार होऊन बसली होती. वस्तीतल्या बायकांनी काहीबाही सामान आधीच दारात काढून ठेवलं होतं. फवारणी करायची तर घर रिकामं करावं लागतं.

ओट्यापाशी जाऊन तिने नकाशा उघडला, खड्ड्याकडे पाहिलं, परत नकाशाकडे पाहिलं.

"मुकादम, हा खड्डा इथे कसा?"

मुकादम म्हणजे फवारणीच्या तुकडीचा म्होरक्या. पोटाने सुटलेला, तोंडानेही सुटलेला. "खडक लागला, मॅडम. वरच्या जागेला खणायला घेतलं तर पहार वाकली. दाखवू का पहार?"

"पहार नको. नकाशा काय सांगतो?"

"नकाशात खडक काढलेला नाही ना! तीच तर बोंब आहे."

पोरं फिसकन हसली. ती हसली नाही. खड्डा खालच्या अंगाला होता, ओढ्यापासून जेवढं अंतर हवं त्याच्या निम्म्यावरसुद्धा नाही. ती उतारावरून ओढ्यापर्यंत चालत गेली. कुणीतरी दगडावर कपडे आपटत होतं. उथळ पाण्यात पिटुकले मासे काड्या हलल्यासारखे हलत होते.

"मी कोळसा दुप्पट टाकलाय," मुकादम मागून येत म्हणाला. "पाण्याची काय बिशाद."

"आणि पाऊस आला तर?"

मुकादमाने वळून खड्ड्याकडे पाहिलं. पाऊस आला तर खड्डा तुडुंब भरणार हे त्यालाही दिसत होतं.

आणि तिथे, ओढ्याकडे पाठ करून उभी असताना, तिला उपाय सुचला. सुचायला डोकं खाजवावं लागलंच नाही. धुतलेलं पाणी इथे जिरवायचंच कशाला? झाकणाची पिंपं भरायची आणि संध्याकाळच्या गाडीने शहरातल्या मोठ्या तळावर न्यायची. तिथला खड्डा चोख होता, तिनेच पास केलेला. गाडी रोज रिकामी परत जातेच. तळावर काही चुकलं तर जागच्या जागी दुरुस्ती सांगायचा अधिकारही तिला होता. लिहून द्यायचं, खूण करायची, पोरं कामाला लागली असती.

पण औषधाचं पाणी रस्त्याने न्यायचं असं मंजूर अहवालात कुठेही नव्हतं. तिला गाडी दिसली, वळण दिसलं, कलंडलेलं पिंप दिसलं, आणि वळणावरच्या नळाशी पाणी भरणारी पोरं दिसली. हे असं दिसणं ही तिची सवयच होती. त्या सवयीचाच ती पगार घेत होती.

"मला वर विचारावं लागेल," ती म्हणाली. "तोवर पंप बंद."

"तोवर म्हणजे कधीवर?"

"मंजुरी येईपर्यंत."

"मग डासांनाही एक मेल टाका, मॅडम," मुकादम म्हणाला. "म्हणावं, कळ काढा जरा."

पोरं पुन्हा हसली. दारात सामान काढून बसलेल्या बायकांनी भांडी परत आत न्यायला सुरुवात केली.

ऑफिसात साहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. प्रकल्पाचे प्रमुख तेच. वरचे सांगतील तसं वागायचं आणि खालच्यांना सांभाळून घ्यायचं यात त्यांचे केस पिकले होते.

"पिंपं गाडीने न्यायची, एवढंच ना? हे तुझ्या अधिकारात बसतं की नाही?"

"बसतं, सर. म्हणजे, बसवलं तर बसतं. पण उद्या काही झालं तर?"

"मग विचार वर. पण एक लक्षात ठेव. एकदा विचारलं की उत्तर येईस्तोवर आपले हात बांधलेले. न विचारता केलं असतं तर गोष्ट वेगळी. 'विचारलं होतं आणि तरी केलं' याला मात्र माफी नाही."

"हो सर."

ते तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण फोन वाजला.

तिने मेल लिहिला आणि तो फार चांगला लिहिला. उताराचे फोटो, ओढ्याचे फोटो, खडकाचा फोटो, वाकलेल्या पहारीचासुद्धा. पिंपांचा उपाय नीट मांडला. बदलाची परवानगी मागताना एक प्रश्न ठरलेला असतो: काहीच केलं नाही, काम तसंच थांबवून ठेवलं, तर काय परिणाम होईल? हा प्रश्न सगळेच घाईत उरकतात. तिनेही उरकला. लिहिलं, 'पर्यावरणावर कोणताही विपरीत परिणाम नाही.' त्यात खोटं काहीच नव्हतं. मेल पाठवून ती घरी गेली आणि छकुलीला मांडीवर घेऊन तिने समाधानाने चहा प्यायला.

उत्तर आलं ते कौतुकाने सुरू झालं. परदेशातले सल्लागार फार मृदू बोलायचे. त्यांनी म्हटलं, किती बारीक नजर आहे तुमची. मग विचारलं: रस्त्यालगत विहिरी किती? पिंपं कोणत्या बनावटीची? चालकाला सांडलेलं औषध आवरायचं शिक्षण मिळालंय का? सगळे प्रश्न रास्त. त्यांच्या खुर्चीत ती असती तर तिनेही हेच विचारले असते. ती रस्ताभर विहिरी मोजत फिरली, चालकाला शिकवायला माणूस बोलावला, पिंपांचे फोटो काढले. उत्तरं गेली. मग सल्लागार रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी तितक्याच मृदूपणे सुरुवातीपासून सगळं समजून घ्यायला घेतलं.

तोवर फवारणीच्या तुकड्या दुसऱ्या वस्त्यांतून फिरत होत्या. ओढ्याकाठची वस्ती तेवढी मागे राहिली.

"ताई, आमच्याकडे कधी येणार ते औषधवाले?" मावशींनी एकदा छकुलीचे लंगोट घड्या घालता घालता विचारलं.

"येतील, मावशी. जरा अडचण झालीय. वरून मंजुरी यायचीय."

"वरून," मावशी म्हणाल्या, आणि घडीवर हात फिरवत राहिल्या.

वरून यायची होती हे खरंच होतं. पण हे सांगताना तिने मावशींकडे पाहिलं नाही, छकुलीच्या टाळूकडे पाहिलं.

पावसाची एक सर येऊन गेली. मग आणखी एक. मावशी एक दिवस पिशवी खांद्याला लावून निघाल्या आणि दारात घुटमळल्या. असं घुटमळायची त्यांची रीत नव्हती.

"शेजारच्या घरात दोघांना थंडीताप आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, ते औषधवाले येईपर्यंत टकळीला घेऊन इथेच झोपायला आले तर? स्वयंपाकघरात अंथरूण टाकू आम्ही. तुमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत. पोर काही तोडफोड करायची नाही. बडबड करेल तेवढीच."

तिच्या तोंडात 'या ना' आलं होतं. पण गेल्या वेळी मावशींनी टकळीला आणलं तेव्हा पोर खोकत होती, हे तिला आठवलं. छकुलीच्या खोकल्याला नुकताच कुठे उतार पडलेला. दोनच खोल्या. शेजारच्या घरातला तो ताप डासांचाच असेल कशावरून, दुसरं काही असलं तर?

"ह्यांना विचारून सांगते, मावशी," ती म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

नवऱ्याला तिने जेवताना विचारलं. त्याने घास हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. "यात विचारायचं काय? ये म्हण की."

"अरे, पण तिला खोकला होता. छकुलीला लागला तर?"

"होता. आहे का आता?"

"ते विचारलं नाही मी."

"मग विचार."

"डॉक्टरांकडे जायचंच आहे या आठवड्यात छकुलीला घेऊन. त्यांनाच विचारते ना एकदा."

नवऱ्याने हातातला घास खाल्ला. तिच्या शंकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकला होता, आणि पुढे त्यालाही त्या दिवशी गप्प बसल्याचं वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवीकोरी मच्छरदाणी आणून मावशींच्या हाती दिली. चांगल्यातली, बारीक जाळीची. मावशींनी ती घेतली, "कशाला एवढी महागाची" म्हणाल्या. मुक्कामाचा विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्यांदा विचारणारी बाई नव्हती ती. आणि हिने, डॉक्टरांना विचारून झाल्यावर बोलू, म्हणून ठेवून दिलं.

डॉक्टरांकडे जायच्या सकाळी मावशी आल्याच नाहीत. फोन उचलला नाही. दुपारी शेजारणीने उचलला आणि सरकारी दवाखान्याचं नाव सांगितलं.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पिशवी मांडीत घट्ट धरलेली. आत पलंगावर टकळी होती, सलाईन लावलेली, डोळे अर्धे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. मध्येच अंग ताठ व्हायचं आणि नर्स धावायची.

"मलेरिया डोक्यात चढलाय," डॉक्टरबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. "ओढ्याकाठच्याच ना? तिकडचंच हे तिसरं मूल. फवारणी झाली नाही का यंदा तिथे?"

"नाही," ती म्हणाली.

"का?"

तिला उत्तर द्यायचं होतं. उताराचं, खडकाचं, ओढ्यातल्या माशांचं सगळं कारण तिच्यापाशी होतं, आणि ते अजूनही खरंच होतं. पण तेवढ्यात डॉक्टरबाईंना कुणी हाक मारली आणि त्या गेल्या.

ती मावशींशेजारी जाऊन बसली. मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छकुली कुणापाशी आहे?"

टकळी वाचली. सगळे म्हणाले, नशीब थोर. घरी आली, चालायला लागली, हळूहळू बोलायलाही लागली, पण वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची आणि कुठे तरी बघत राहायची. मग ओठ निळे पडायचे, हातपाय झटके घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, आणि पोरीला एकटं सोडायचं नाही. पाण्यापाशी तर मुळीच नाही. मावशींनी निरोप पाठवला की आता काही त्यांना येता यायचं नाही, छकुलीसाठी दुसरं कुणी बघा.

छकुलीला पाळणाघरात घातलं. पहिले काही दिवस ती रडायची. रडण्यापेक्षाही वाईट म्हणजे दार वाजलं की मान वळवायची.

आणि मंजुरी आली. सल्लागार रजेवरून परतले होते. पिंपांचा उपाय त्यांना इतका पसंत पडला होता की इतर देशांतल्या प्रकल्पांनाही तो पाठवायचा विचार होता. ओढ्याला थेंबभरही धोका न पोहोचवता प्रश्न कसा सोडवला यावर तिने पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर ऑनलाइन बोलावं, अशी विनंतीही होती.

"अभिनंदन!" साहेबांनी कागद पुढे सरकवला. मग तिचा चेहरा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "बस."

ती बसली.

"ती पोर तुझ्या ओळखीची आहे, असं मुकादम म्हणाला."

"माझ्या मुलीला सांभाळायच्या त्या मावशींची नात."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. "फवारलं असतं तरी ताप आला असता, असंही असेल. भिंती फवारल्या म्हणून पोरं संध्याकाळी बाहेर खेळायची थांबत नाहीत."

"असेल, सर."

"कुणालाच सांगता यायचं नाही ते."

"हो सर. तेच आहे. कुणालाच सांगता यायचं नाही."

"त्या दिवशी मीसुद्धा म्हणू शकलो असतो, कर, काही झालं तर मी बघतो," साहेब म्हणाले. "ओठांवर आलं होतं माझ्या. फोन वाजला, आणि खरं सांगू, बरंच वाटलं मला."

पूर्वी तिला वाटायचं की मोठ्या चुका माणसं बेफिकिरीने करतात, आणि आपण बेफिकीर नाही तेव्हा आपण सुटलो. आपलं काम म्हणजे होणारं नुकसान आधी ओळखणं, असं ती मुलाखतीत अभिमानाने म्हणाली होती. आणि तिने ओढा ओळखला होता, उतार ओळखला होता, रस्त्यावरच्या विहिरीन् विहिरी ओळखल्या होत्या. थांबण्यालाही परिणाम असतो, एवढंच नजरेतून निसटलं होतं. आणि ते विचारणारा प्रश्न समोर असताना निसटलं होतं.

मंजुरी आल्यावर पाऊस जरा उघडल्याचं बघून फवारणी लावली. उशीर झाला होता, पण तापाचे दिवस अजून उरले होते. ती सकाळीच वस्तीत गेली. पिंपं झाकणं लावून रांगेत होती. मुकादमाने तिला पाहून नुसती मान हलवली. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही, आणि तिला वाटलं, केला असता तर बरं झालं असतं.

मावशींचं घर वस्तीच्या टोकाला. दारातल्या दगडावर टकळी बसली होती, मांडीवर एक मांजराचं पिल्लू घेऊन. केस कापून बारीक केलेले. तिने हिच्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"छकुलीला दात..." टकळी म्हणाली, आणि पुढचं कुठे तरी गेलं.

"आले, दोन आले," ती म्हणाली. "खालचे."

मावशी आतून डबे आणून अंगणात रचत होत्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तीही आत गेली आणि फळीवरची भांडी उतरवायला लागली. मच्छरदाणी खुंटीला टांगलेली होती. तीही तिने काढून घडी घातली.

"मावशी, मला एक सांगायचं होतं," भांड्यांकडे बघत ती म्हणाली. "फवारणी वरून थांबली नव्हती. म्हणजे नंतर वरून अडली, पण आधी मीच थांबवली. चालू ठेवायचं माझ्या हातात होतं."

"ठाऊक आहे."

तिने मान वर केली. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सगळी वस्ती बघत होती ना तुम्हाला, खड्ड्यापाशी उभ्या होतात तेव्हा. संध्याकाळी घरी येईपर्यंत दहा जणींनी सांगितलं. मीच काय ती इथे नव्हते, तुमच्या छकुलीला भरवत होते."

"मग मला बोलला का नाहीत?"

मावशींनी हातातला डबा खाली ठेवला. "काय बोलणार होते? ओढ्यात औषध जाईल म्हणून भिऊन थांबवलंत. पोरं डुंबतात तिथे, टकळीही डुंबायची. त्याबद्दल नाही मी तुम्हाला दोष देत." त्यांनी डबा भिंतीशी सरकवला. "मुक्कामाचं विचारलं होतं मी. त्याचं लागलं मला. तुम्ही नाही म्हणाला असतात तर भांडले असते, दुसरी सोय बघितली असती, धाकटीच्या सासरी नेऊन ठेवली असती पोरीला. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मग मी रोज वाट बघत राहिले, आज सांगतील, उद्या सांगतील. आणि परत तोंड उघडून विचारायला मला कमीपणा वाटला. कसला मान राखत होते कुणास ठाऊक. आता पोर झोपली की बसते हा हिशेब करत, आपण दुसऱ्यांदा का नाही विचारलं म्हणून."

"मावशी, चूक माझी आहे. तुमची नाही."

"वाटून घ्यायला ती काय भाकरी आहे का, ताई?"

बाहेर मुकादम ओरडला, "आवरा, आवरा! पुढच्या घरची माणसं खोळंबलीत!"

"आता या," ती घाईने म्हणाली. "दोघीही या. ह्यांना विचारायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. आतली खोली देते तुम्हाला. दवाखानाही जवळ पडेल तिथून. आजच चला."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. छकुलीने नको तो हट्ट धरला की बघायच्या तसं.

"आता नको," त्या म्हणाल्या. "आता तिला जागा बदलली की घाबरते. नवीन घरात उठली की पहिला झटका ठरलेला. इथल्या भिंती ओळखीच्या आहेत तिच्या." मग बाजेकडे बोट करून म्हणाल्या, "ते टोक धरा तेवढं. माझ्याच्याने एकटीने उचलत नाही."

दोघींनी बाज उचलली. दार अरुंद होतं, ती तिरपी करावी लागली. मावशी सांगत होत्या, "वर घ्या, थोडं डावीकडे, सांभाळा बोटं." बाज अंगणातल्या सावलीत टेकवली, आणि मावशींनी टकळीला मांजरासकट उचलून बाजेवर निजवलं. निळ्या डगल्यातला एक पोरगा मुखवटा लावून आत गेला. भिंतीवर फवारा बसत असल्याचा आवाज यायला लागला, आणि त्याबरोबर औषधाचा तो वास.

मावशी बाजेच्या कडेला टेकल्या आणि नातीच्या ओठांकडे बघत राहिल्या. तिलाही तिथे टेकायचं होतं. बस असं कुणी म्हटलं नाही, म्हणून ती उभी राहिली.